भयाचे मोल : एडगर अ‍ॅलन पो याची लेखनसाधना

रहस्यकथा म्हटली की सामान्यतः खून, पोलीस आणि शेवटच्या पानावर उघडकीस येणारा गुन्हेगार अशी मांडणी वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु याच वाङ्मयप्रकाराची अशी एक शाखा आहे की, जिच्यात गुन्हेगार कोण हे प्रारंभीच ठाऊक झालेले असते आणि तरीही वाचकाला कथा खाली ठेववत नाही. या माणसाच्या मनात काय चालले आहे आणि ते मन त्याला कोठवर ओढून नेणार आहे, हाच तेथे खरा प्रश्न असतो. भीतीचे ठिकाण पडक्या वाड्यातून उचलून माणसाच्या अंतःकरणात नेऊन ठेवणाऱ्या या कथेचा पाया ज्यांनी घातला त्यांत अमेरिकन लेखक एडगर अ‍ॅलन पो याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

पोविषयी एक समजूत फार दिवस रूढ आहे. तो व्यसनी होता, अर्धवट भ्रमिष्ट होता, आणि त्याच्या कथा म्हणजे त्या भ्रमिष्टपणातून आपोआप बाहेर पडलेले चीत्कार होत, अशी ती समजूत. दारिद्र्य व दुःख यांनीच त्याला लेखक बनविले, ही तिचीच दुसरी बाजू. पोच्या चरित्राचा जमाखर्च मांडून पाहिला तर या दोन्ही गोष्टी टिकत नाहीत. मनातील भयाचा हा लेखक घडला तो मासिकाच्या कचेरीत, वाचकाची नाडी पाहत, डोळसपणे आणि कष्टाने. दारिद्र्याने त्याला जे दिले त्याहून कितीतरी अधिक त्याच्यापासून हिरावून घेतले.

व्यापाऱ्याच्या घरातील अनाथ

पोचा जन्म १९ जानेवारी १८०९ रोजी बोस्टन येथे झाला. आईबाप दोघेही फिरत्या नाटक मंडळीतील नट. बाप लवकरच कुटुंब सोडून गेला आणि डिसेंबर १८११ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड शहरी आई क्षयाने वारली. त्या वेळी एडगर पुरता तीन वर्षांचाही नव्हता. रिचमंडमधील जॉन अ‍ॅलन या व्यापाऱ्याच्या घरी त्याला आश्रय मिळाला. अ‍ॅलनने त्याला आपले नाव दिले, परंतु कायदेशीर दत्तक कधीच घेतले नाही. घरात वाढलेला, पण घराचा वारस नसलेला, अशी ही विचित्र स्थिती होती. १८१५ ते १८२० या काळात अ‍ॅलन कुटुंब इंग्लंडमध्ये होते. लंडनजवळच्या स्टोक न्यूइंग्टन येथील ज्या शाळेत एडगर शिकला तिची छाया पुढे त्याच्या 'विल्यम विल्सन' या कथेत उतरली.

१८२५ साली अ‍ॅलनला मामाकडून मोठी संपत्ती मिळाली. पुढच्याच वर्षी पो व्हर्जिनिया विद्यापीठात दाखल झाला, परंतु तेथील किमान खर्चालाही पुरेसे पैसे त्याला दिले गेले नव्हते, अशी त्याची तक्रार होती. तूट भरून काढण्यासाठी तो जुगाराकडे वळला आणि वर्षअखेर सुमारे दोन हजार डॉलरांचे कर्ज करून बसला. अ‍ॅलनने ते फेडण्याचे नाकारले आणि शिक्षण तेथेच थांबले. दोष एकट्या अ‍ॅलनचा होता असे म्हणता येणार नाही, कारण पोचा स्वभावही हट्टी व उधळा होता. तथापि, ज्या मुलाला श्रीमंतीची सवय लावली त्याला ऐन तारुण्यात रिकाम्या हाताने बाहेर काढणे हा व्यवहार न्यायाचा खासच नव्हता.

१८२७ मध्ये बोस्टनला जाऊन पोने 'टॅमरलेन' हा आपला पहिला कवितासंग्रह छापला. त्यावर कवीचे नावदेखील नव्हते आणि प्रती निघाल्या त्या बहुधा पन्नास. त्याच वर्षी पोट भरण्यासाठी वय व नाव दोन्ही खोटे सांगून तो सैन्यात भरती झाला. तेथे तो सार्जंट मेजर या हुद्द्यापर्यंत चढला, यावरून त्याच्या अंगी शिस्त नव्हती हा आरोपही तपासून घ्यावा लागतो. पुढे वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयात त्याने प्रवेश मिळविला, परंतु अ‍ॅलनशी संबंध तुटल्यावर हेतुपुरस्सर कवायती चुकवून १८३१ मध्ये त्याने स्वतःला बडतर्फ करवून घेतले. १८३४ साली अ‍ॅलन वारला. त्याच्या मृत्युपत्रात पोसाठी एक डॉलरही नव्हता.

कविता लिहून पोट भरत नाही, हे तोवर पोला पुरते कळून चुकले होते. बाल्टिमोरमध्ये आत्या मारिया क्लेम हिच्या ओढग्रस्त घरात राहून तो गोष्टी लिहू लागला. ऑक्टोबर १८३३ मध्ये तेथील एका साप्ताहिकाच्या स्पर्धेत 'मॅन्युस्क्रिप्ट फाउंड इन अ बॉटल' या कथेला पन्नास डॉलरांचे पारितोषिक मिळाले. कवी पो कथाकार झाला तो येथे, आणि त्यामागे प्रेरणेइतकाच पोटाचा प्रश्नही होता.

फुकट पुस्तकांचा बाजार

पोने पुस्तके लिहिण्याऐवजी मासिकांसाठी लहान कथा का लिहिल्या, या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या अमेरिकेतील कायद्यात सापडते. १७९० साली अमेरिकेत लेखकाच्या स्वामित्वहक्काचा कायदा झाला, परंतु त्याचे संरक्षण केवळ अमेरिकेचे नागरिक व रहिवासी यांनाच होते. परकीय ग्रंथ कोणीही उचलावा आणि छापावा. परिणामी लंडनमध्ये एखादी कादंबरी गाजली की तिची प्रत बोटीतून उतरताच न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाचे प्रकाशक ती छापून मोकळे होत. लेखकाला द्यावयाचे काहीच नसल्यामुळे ती अगदी स्वस्तात विकता येई.

वरवर पाहता या व्यवस्थेत नुकसान इंग्रज लेखकांचे होते. वस्तुतः ते अमेरिकन लेखकांचेही तितकेच होते. डिकन्स जर फुकट मिळत असेल, तर अनोळखी देशी लेखकाला पैसे मोजून त्याचे पुस्तक छापण्याचा धोका प्रकाशकाने का पत्करावा? ज्या मालाचा कच्चा भाग फुकट आहे त्याच्याशी देशी कारागिराने स्पर्धा करावी कशी? पोला हा अनुभव प्रत्यक्ष आला. १८३६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्पर या प्रकाशनसंस्थेने त्याचा कथासंग्रह परत केला. यांतील बहुतेक कथा मासिकांत येऊन गेल्या आहेत आणि वाचकांना एकच सलग गोष्ट असलेले पुस्तक हवे असते, अशी कारणे त्यांनी दिली. १८३९ च्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या ली अँड ब्लँचर्ड या संस्थेने त्याचा दोन भागांचा कथासंग्रह काढला तो अवघ्या ७५० प्रतींचा. करार असा की, नफा सगळा प्रकाशकाचा आणि लेखकाला मित्रांना वाटण्यापुरत्या वीस प्रती. दोन वर्षांनी पोने नव्या आवृत्तीची विचारणा केली तेव्हा पहिलीच अद्याप खपलेली नाही, असे उत्तर आले. त्याच्या हयातीत ज्या एकाच पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली ते शंखशिंपल्यांवरील एक शालेय पाठ्यपुस्तक होते, आणि तेही बव्हंशी दुसऱ्याच्या ग्रंथावरून बेतलेले होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

पुस्तकाचा दरवाजा असा बंद असल्यामुळे उरले ते मासिक. छपाई स्वस्त झाली होती, शिकलेला मध्यम वर्ग वाढत होता, आणि मासिकांची संख्या झपाट्याने फुगत होती. त्यांना आटोपशीर, एका बैठकीत संपणारा आणि पुढच्या अंकाची ओढ लावणारा मजकूर हवा होता. पो त्या बाजारात उतरला.

संपादकाच्या खुर्चीतील शिक्षण

१८३५ मध्ये पो रिचमंडच्या 'सदर्न लिटररी मेसेंजर' या मासिकात रुजू झाला. पगार आठवड्याला दहा डॉलर. त्याच वर्षी त्याची 'बेरेनिस' ही कथा त्या मासिकात आली. एका विचाराने पछाडलेला नायक पुरलेल्या वाग्दत्त वधूचे दात काढून आणतो, असे तिचे भयंकर कथानक आहे. ती वाचून मालक थॉमस व्हाइट अस्वस्थ झाला. त्याला पोने पाठविलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. कथा मर्यादेबाहेर गेली, हे त्याने मान्य केले. परंतु जी मासिके गाजली ती अशाच कथांमुळे गाजली, जे हास्यास्पद ते विकृतापर्यंत आणि जे भीतिदायक ते थेट भीषणापर्यंत ताणणे हेच त्यांचे मर्म आहे, आणि अभिरुची बरी की वाईट हा प्रश्न अलाहिदा असून लेखनाचे मोल मासिकाच्या खपावरून ठरते, असे त्याने मालकाला समजावून दिले. हे पत्र भ्रमिष्ट माणसाचे नाही. बाजाराचा अभ्यास करणाऱ्या व्यवसायी लेखकाचे ते आहे.

तथापि केवळ खपाचे गणित मांडून तो थांबला असता, तर आज त्याचे नाव कोणी घेतले नसते. स्कॉटलंडच्या 'ब्लॅकवुड्स' मासिकातील खळबळजनक कथांचा साचा त्याने बारकाईने अभ्यासला, १८३८ मध्ये त्या साच्याची यथेच्छ टिंगलही केली, आणि मग तोच साचा आतून बदलून टाकला. पूर्वीच्या भयकथेत भूत बाहेर असे. पोच्या कथेत ते माणसाच्या आत शिरले. १८३९ च्या 'द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर' मध्ये ढासळणारे घर आणि ढासळणारे मन ही एकच वस्तू होऊन जाते. त्याच वर्षीच्या 'विल्यम विल्सन' मध्ये नायकाचा पिच्छा पुरविणारा जोडीदार ही त्याची स्वतःची सदसद्विवेकबुद्धीच ठरते.

या प्रवासाचे टोक म्हणजे जानेवारी १८४३ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द टेल-टेल हार्ट' ही कथा. एका वृद्धाचा खून करणारा इसम स्वतःच ती सांगतो. वृद्धाशी त्याचे वैर नाही, त्याच्या पैशाचा लोभही नाही. केवळ त्या म्हाताऱ्याच्या एका डोळ्याने त्याला पछाडले आहे. आपण वेडे नाही हे तो पहिल्यापासून पटवू पाहतो, आणि आपण किती सावधपणे, किती पद्धतशीरपणे खून केला हाच त्याचा पुरावा असतो. जितके तो अधिक पटवितो तितके वाचकाला त्याचे वेड अधिक स्पष्ट दिसते. अखेर पोलीस शांतपणे बसलेले असताना जमिनीखाली पुरलेल्या प्रेताचे हृदय धडधडते आहे असे त्याला ऐकू येऊ लागते आणि तो स्वतःच गुन्हा ओरडून सांगतो. कथा अवघ्या चारपाच पानांची आहे. तीत पोलिसांना काहीही शोधावे लागत नाही. गुन्हेगाराला पकडून देते ते त्याचेच मन.

हे तंत्र हवेतून आलेले नव्हते. वेडाच्या भरात गुन्हा करणारा मनुष्य कायद्याने किती जबाबदार, हा वाद त्या काळी अमेरिकेतील न्यायालयांत व वृत्तपत्रांत गाजत होता आणि पो त्याकडे लक्ष ठेवून होता. बुद्धी शाबूत दिसते, पण एकाच बिंदूवर मन सुटलेले असते, अशा वेडाची वैद्यकीय चर्चाही तेव्हा नवी होती. दुसरीकडे मे १८४२ मध्ये हॉथॉर्नच्या कथांचे परीक्षण लिहिताना पोने लघुकथेचे शास्त्रच मांडले. कथा एका बैठकीत वाचून व्हावी, तिने वाचकाच्या मनावर एकच परिणाम साधावा, तो परिणाम लेखकाने आधी निश्चित करावा आणि त्याला पोषक नसलेले एकही वाक्य ठेवू नये, असा त्याचा आशय आहे. मासिकाच्या पानांची मर्यादा ही व्यापारी गरज होती. पोने तिचे कलेच्या नियमात रूपांतर केले, आणि हेच त्याचे खरे कर्तृत्व होय.

मोबदल्याचा हिशेब

या कर्तृत्वाचे मोल समाजाने काय दिले? बोस्टनच्या एका मासिकाने 'टेल-टेल हार्ट' परत पाठविली आणि लेखकाने काही शांत स्वरूपाचे लिहावे असे सुचविले. जेम्स रसेल लोवेलने ती आपल्या 'पायोनियर' मध्ये छापली, परंतु ते मासिक तीन अंकांत बंद पडले. लोवेल कर्जबाजारी झाला तेव्हा स्वतः विवंचनेत असलेल्या पोने, माझ्या थोड्याशा येण्याची काळजी करू नका, असे त्याला कळविले. पोच्या कडवट टीकालेखनाचीच चर्चा अधिक होते, म्हणून हाही प्रसंग ध्यानात ठेवला पाहिजे.

फिलाडेल्फियाच्या 'ग्रॅहॅम्स मॅगझिन' चे संपादन तो करीत असताना त्या मासिकाचा खप काही हजारांवरून चाळीस हजारांच्या घरात गेला असे सांगितले जाते. पोचा वार्षिक पगार मात्र ८०० डॉलरच राहिला. मार्च १८४२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेला डिकन्स त्याला फिलाडेल्फियात भेटला. आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्काच्या मागणीसाठी डिकन्स त्या दौऱ्यात जाहीरपणे बोलत होता. जिची पुस्तके फुकट छापली जातात ती व्यक्ती आणि त्या फुकटेपणामुळे जिचे पुस्तक छापले जात नाही ती व्यक्ती, अशी ही भेट होती. पोच्या कथांसाठी इंग्लंडमध्ये प्रकाशक पाहण्याचा प्रयत्न डिकन्सने केला, पण तोही निष्फळ ठरला.

पोला अखेर हवी होती ती सरकारी नोकरी. फिलाडेल्फियाच्या जकात कचेरीत एखादी कारकुनाची जागा मिळावी, म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार हाती पडेल आणि उरलेल्या वेळात मनासारखे लिहिता येईल, यासाठी त्याने १८४२-४३ मध्ये खटपट केली. तीत यश आले नाही. त्यासाठी वॉशिंग्टनला गेला असता तेथे तो दारू पिऊन फजीत झाला, हेही नमूद केलेच पाहिजे. त्याचे व्यसन खरे होते आणि त्याने त्याचे नुकसान केले. पण घरात काय चालले होते तेही पाहिले पाहिजे. १८३६ साली त्याने आत्येबहीण व्हर्जिनिया हिच्याशी विवाह केला होता. वधूचे वय तेव्हा अवघे तेरा वर्षांचे होते. जानेवारी १८४२ मध्ये गाता गाता तिच्या तोंडातून रक्त आले आणि क्षयाचे दुखणे सुरू झाले. बरी होईल आणि होणार नाही, या आशानिराशेच्या हेलकाव्यांत पाच वर्षे गेली. कथांतून त्याने जी टांगणी रंगविली ती त्याच्या घरात रोज होती.

जानेवारी १८४५ मध्ये 'द रेव्हन' ही कविता प्रसिद्ध झाली आणि पो एका रात्रीत विख्यात झाला. गावोगावच्या वृत्तपत्रांनी ती पुन्हा पुन्हा छापली. त्या पुनर्मुद्रणांबद्दल कवीला काही देण्याचा प्रघातच नव्हता. मासिकांचे मालक श्रीमंत होतात आणि लेखक मानधनाची वाट पाहत उपाशी मरतो, असे जळजळीत टिपण त्याने त्याच वर्षी 'ब्रॉडवे जर्नल' मध्ये लिहिले, आणि त्याचे मूळ आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्काच्या अभावात आहे हेही दाखविले. काही काळ तो त्या पत्राचा मालकही झाला, परंतु भांडवलाअभावी जानेवारी १८४६ मध्ये ते बंद पडले. स्वतःचे दर्जेदार मासिक काढण्याचे जे स्वप्न त्याने अखेरपर्यंत उराशी बाळगले, ते कधीच प्रत्यक्षात आले नाही. ३० जानेवारी १८४७ रोजी न्यूयॉर्कजवळील फोर्डहॅम येथील लहानशा घरात व्हर्जिनिया वारली. ३ ऑक्टोबर १८४९ रोजी, मतदानाच्या दिवशी, पो स्वतः बाल्टिमोरच्या एका मद्यगृहापाशी विपन्नावस्थेत सापडला आणि ७ ऑक्टोबरला इस्पितळात मरण पावला. त्याच्या मृत्यूचे कारण आजही निश्चित झालेले नाही.

मरणोत्तर जमाखर्च

मृत्यूनंतरही उपेक्षा संपली नाही. पोच्या समग्र लेखनाचे संपादन रूफस ग्रिस्वोल्ड या त्याच्या हितशत्रूच्या हाती गेले. त्याने लिहिलेल्या चरित्रात पोची पत्रे हवी तशी बदलून त्याला दुर्वर्तनी ठरविले, आणि प्रारंभी उल्लेखिलेल्या समजुतीचा उगम बव्हंशी तेथेच आहे. पोला आईच्या मायेने सांभाळणाऱ्या मारिया क्लेमला त्या ग्रंथांपासून पैसा मिळाला नाही. मिळाल्या त्या विकून पोट भरण्यासाठी ग्रंथाच्या काही प्रती.

परंतु बीज रुजले होते. फ्रान्समध्ये बोदलेअरने पोची भाषांतरे केली. रशियात १८६१ साली दोस्तोयेव्स्कीने आपल्या 'व्रेम्या' मासिकात 'टेल-टेल हार्ट' सह पोच्या तीन कथा छापल्या आणि एखाद्या विलक्षण मानसिक अवस्थेत माणसाला ठेवून तिचे अचूक चित्रण करण्याच्या त्याच्या शक्तीकडे वाचकांचे लक्ष वेधले. पुढे पाचच वर्षांत त्याची स्वतःची 'गुन्हा आणि शिक्षा' ही कादंबरी प्रसिद्ध होऊ लागली. जपानमधील आद्य रहस्यकथाकाराने एदोगावा राम्पो हे टोपणनाव घेतले ते पोच्याच नावावरून. विसाव्या शतकात पॅट्रिशिया हायस्मिथसारख्या लेखिकेने खुन्याच्या मनात शिरून लिहिलेल्या कादंबऱ्या याच वाटेवरच्या आहेत.

परकीय लेखकांना संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत १८९१ साली झाला, म्हणजे पोच्या मृत्यूनंतर बेचाळीस वर्षांनी. त्यानंतरही हिशेबाचा एक आकडा उरतोच. ज्या 'टॅमरलेन' वर कवीचे नावही नव्हते त्याची एक प्रत २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ६ लाख ६२ हजार ५०० डॉलरांना विकली गेली. वर्षाला ८०० डॉलर या दराने एवढी रक्कम मिळविण्यास पोला आठशेहून अधिक वर्षे नोकरी करावी लागली असती.

हाल भोगल्याशिवाय कलावंत घडत नाही, हे वाक्य समाजाला मोठे सोयीचे असते, कारण त्यामुळे देणे चुकविण्याला तत्त्वज्ञानाचा आधार मिळतो. पोच्या बाबतीत ते खोटे आहे. बाजाराने त्याला आकार दिला, ही गोष्ट मान्य केली पाहिजे. मासिकाची मागणी नसती तर ती आटोपशीर, नेमकी, काळजाचा ठाव घेणारी कथा कदाचित जन्मली नसती. पण निरीक्षण, अभ्यास आणि शिस्त ही त्याची स्वतःची होती, आणि उपासमारीने त्यांत भर घातली नाही. तिने घेतली ती त्याची न लिहिली गेलेली पुस्तके, त्याचे न निघालेले मासिक आणि चाळिशीतच संपलेले आयुष्य. लेखक कसा घडतो हे पाहताना, त्याला जगविण्याची व्यवस्था समाजाने केली होती की नाही, हा प्रश्न म्हणूनच वगळता येत नाही. भयाची चव वाचकाने आवडीने घेतली, पण तिचे मोल एकट्या लेखकाने चुकते केले.